काळा रेडिएटर, गार डोकं

मोटारगाडीबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं अधिकारवाणीने बोलतात. ज्यांच्याकडे गाडी आहे ती, आणि ज्यांच्याकडे नाही ती. मायलेज, टायरमधली हवा, न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची काटकसर, कुठल्याही विषयावर दोन्ही गटांची मतं तयार असतात आणि ती बहुतेक वेळा सारखीच असतात. रेडिएटरला रंग द्यावा की नाही हा प्रश्न निघाला की मात्र फूट पडते. एका पक्षाला आपण काळेपंथी म्हणू. रेडिएटरला काळा रंग मारला की गाडी गार राहते, कारण काळा रंग उष्णता बाहेर टाकतो, अशी त्यांची श्रद्धा. दुसरा पक्ष कोरेपंथी. रेडिएटरला रंग लावणं म्हणजे इंजिनाचा गळा दाबणं, धातू कसा उघडा पाहिजे, असं हे लोक सांगतात. तिसरा असतो गॅरेजवाला. पण बिल कोण देणार आहे हे पाहून त्याचं मत ठरतं, त्यामुळे त्याला पक्ष म्हणता येत नाही. मला यांपैकी कुणाचीच बाजू घेता येत नाही, आणि हे काही सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी नाही. दोघेही एकाच जागी घसरले आहेत. रेडिएटरच्या कारभारात रंगाला मत आहे असं दोघांनीही गृहीत धरलं आहे. प्रत्यक्षात पातळ रंगाने गाडी गारही होत नाही आणि तापतही नाही. जाड रंगाने तापते, पण तो गुन्हा जाडीचा. आणि तो काळ्या, पांढऱ्या, भगव्या, हिरव्या, निळ्या अशा सगळ्या रंगांना एकाच कलमाखाली लागू होतो. रंगांच्या बाबतीत इतकी समता आपल्याकडे दुसरीकडे कुठे आढळेल असं वाटत नाही.

काळेपंथीयांचं विज्ञान पक्कं आहे, हे आधी कबूल करायला हवं. उन्हाळ्यात काळे कपडे घालू नयेत, काळा रंग उष्णता शोषतो, हे आपल्या शालेय शिक्षणातलं बहुधा सर्वांत दीर्घायुषी वाक्य असावं. प्रकाशसंश्लेषण विसरलेली माणसंही ते विसरत नाहीत. त्याच्या पुढची पायरीही खरी आहे. जो पृष्ठभाग उष्णतेचे किरण चांगले शोषतो तोच ते चांगले बाहेरही टाकतो, हा नियम गुस्ताव किर्खहोफने १८५९ मध्ये मांडला. किती टाकतो याचा हिशेब योसेफ स्टेफानने १८७९ मध्ये प्रयोगांच्या आकड्यांवरून काढला आणि पाच वर्षांनी लुडविग बोल्ट्झमनने त्याला सिद्धांताचा आधार दिला. तापमान वाढलं की हे उत्सर्जन त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. चौथा घात म्हटलं की काळेपंथीयांची छाती फुगते आणि चर्चा बहुधा तिथेच संपते, कारण चौथ्या घातासमोर कोण बोलणार. पण घात नुसता उच्चारून चालत नाही, त्यात आकडे घालावे लागतात. एका लहान गाडीचा रेडिएटर घेऊ: ६० सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर उंच. पाणी ९५ अंशांवर, बाहेर ४० अंशांचा उन्हाळा. पूर्ण काळा पृष्ठभाग या तापमानाला चौरस मीटरमागे सुमारे १०४० वॉट बाहेर टाकतो आणि ४० अंशांचं भोवताल त्याला सुमारे ५४५ वॉट परत देतं. निव्वळ सुटका झाली सुमारे ५०० वॉटची. पुढची आणि मागची बाजू मिळून क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरच्याही किंचित आत, म्हणजे एकूण २४० वॉट. जुन्या पिवळ्या बल्बच्या भाषेत ६० वॉटचे चार. आता गरज किती ते पाहू. पेट्रोलमधल्या उष्णतेची ढोबळ वाटणी अशी की एक तृतीयांश चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जाते आणि एक तृतीयांश पाण्याच्या गळ्यात पडते. चढावर ही लहान गाडी २० किलोवॉट ताकद लावत असेल तर रेडिएटरलाही साधारण तेवढीच, म्हणजे २०,००० वॉट उष्णता बाहेर टाकायची असते. चौथ्या घाताने दिले २४०. शंभरातला एक, फार तर सव्वा. आणि हा रंगामुळे झालेला फायदा नव्हे. किरणांच्या वाटेने जास्तीत जास्त जे काही जाऊ शकतं ते सगळं धरून ही रक्कम आहे.

त्यातूनही वजावटी आहेत. रेडिएटरच्या पुढे आजकाल एसीचा कंडेन्सर असतो आणि तो स्वतःच तापलेला असतो, त्यामुळे पुढच्या बाजूने टाकलेल्या किरणांपैकी बऱ्याच भागाची परतफेड होते. मागे इंजिन असतं. ते रेडिएटरइतकंच तापलेलं, आणि काही गाड्यांत तर एक्झॉस्टचा मॅनिफोल्डही याच बाजूला येतो. मॅनिफोल्डचं तापमान कित्येक शे अंश. म्हणजे मागच्या बाजूला काळा रंग फासला तर किर्खहोफसाहेबांचा नियम उलट्या दिशेने लागू होऊन रेडिएटर उष्णता टाकण्याऐवजी घेत बसण्याची शक्यता अधिक. ‘पण आत एवढ्या फिन्स आहेत, त्यांचं क्षेत्रफळ धरलंच नाहीत,’ असं काळेपंथी इथे म्हणतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. जाळीतल्या पत्र्यांचं क्षेत्रफळ मोजलं तर सहज पाच-सहा चौरस मीटर भरतं. पण हे पत्रे दीड-दोन मिलिमीटरच्या फटीतून समोरासमोर उभे असतात. एका पत्र्याने टाकलेला किरण समोरच्या पत्र्यावर पडतो, त्याचा याच्यावर. दोन शेजारणींनी दिवसभर एकमेकींना साखरेची वाटी द्यावी, आणि संध्याकाळी वाड्यातली साखर होती तेवढीच असावी, असा हा व्यवहार. त्यात आणखी एक गंमत आहे. अरुंद आणि खोल भोकाच्या तोंडातून बाहेर पडणारी उष्णता आतल्या भिंतींवर इतक्यांदा आपटून आलेली असते की ते भोक जवळजवळ पूर्ण काळ्या वस्तूसारखं वागतं. १८९०च्या दशकात बर्लिनच्या भौतिकशास्त्रज्ञांना प्रयोगासाठी आदर्श काळी वस्तू हवी होती, तेव्हा त्यांनी काळा रंग शोधला नाही. पोकळ, तापवलेलं भांडं घेतलं आणि त्याला छोटं भोक ठेवलं. रेडिएटर म्हणजे अशी हजारो भोकं एका चौकटीत बसवलेली. तो रंगाविनाच पुरेसा काळा आहे. त्याला काळा रंग देणं ही पुनरुक्ती झाली.

आता खुद्द काळ्या रंगाच्या मोठेपणाकडे वळू, कारण त्यालाही धक्का बसायचा आहे. जॉन लेस्ली नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०४ मध्ये एका प्रयोगाचं वर्णन छापलं. धातूची चौकोनी पेटी, आत उकळतं पाणी. एक बाजू घासून चकचकीत केलेली, बाकीच्यांवर वेगवेगळी लेपनं, त्यांत काजळीही आणि पांढरा कागदही. चकचकीत बाजूने फारच कमी उष्णता टाकली. काळ्या बाजूने भरपूर टाकली, आणि पांढरीनेही जवळपास तेवढीच. याचं कारण पुढे कळलं. ९५ अंशांची वस्तू आपली बहुतेक उष्णता ज्या किरणांतून टाकते त्यांची तरंगलांबी ८ मायक्रॉनच्या आसपास असते. आपल्या डोळ्यांचा पसारा संपतो ०.७ मायक्रॉनला. त्या लांबच्या किरणांच्या दृष्टीने बहुतेक सगळे रंग काळेच. पांढरा डिस्टेंपरही काळा आणि गुलाबी ऑइलपेंटही काळा. सूर्यप्रकाशातल्या सदऱ्यावरून शिकलेला धडा आपण गरम पाण्याच्या नळ्यांना लावतो, इथे सगळा घोळ होतो. आणि किरणांखेरीज दुसरा मार्गच नाही अशी जागा शोधायची तर ती अंतराळात आहे, तिथे हवा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाच्या रेडिएटरला रंग दिलेला आहे, अगदी विचारपूर्वक दिलेला आहे, आणि तो पांढराशुभ्र आहे. उष्णता टाकायला पांढरा काळ्याइतकाच चांगला आणि ऊन परतवायला कितीतरी सरस, म्हणून. काळेपंथीयांना विश्वात जिथे थोडीफार आशा होती तिथेही असा निकाल लागला.

मग ती २०,००० वॉट उष्णता जाते कुठे? हवेत. सरळ, साध्या, फुकटच्या हवेत. हवा ३० अंशांनी तापून मागे पडते असं धरलं तर सेकंदाला सुमारे ६०० लिटर हवा त्या चौकटीतून जायला हवी. मोटारींच्या इतिहासातली अक्कल याच वाटेने आली. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे आणि चालकाला वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावं लागे. विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या मर्सिडीज ३५ पीएसला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला: ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या, आणि नळ्यांच्या मधून पाणी. एवढ्या कामगिरीला पाणी ९ लिटरच लागलं. मायबाखने हवेला धातूशी भेटण्याची जागा वाढवली आणि मागे पंखा लावला. त्याने कुठला रंग वापरला हे कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडचा पुरावा याहून सोपा आहे. बोरघाटात बॉनेट उघडून, डोक्याला हात लावून उभ्या असलेल्या गाड्या एका पिढीने भरपूर पाहिल्या. त्याच गाड्या पनवेलपर्यंत सपाटीवर सुतासारख्या सरळ आलेल्या असत. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रेडिएटरचा रंग बदलत नाही. बदलतो तो गाडीचा वेग, म्हणजेच समोरून येणारा वारा; आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनावरचा भार वाढलेला असतो. उत्पन्न घटलं आणि खर्च वाढला की काय होतं, हे समजायला स्टेफानची गरज लागत नाही.

इथवर ऐकून कोरेपंथी सुखावलेले असतील. त्यांचंही थोडं पाहू. रंग हा उष्णतेचा वाईट वाहक आहे, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. ॲल्युमिनियमच्या तुलनेत साधा रंग सुमारे हजारपट वाईट वाहक. हजारपट हा शब्द इथे चौथ्या घाताचं काम करतो. ऐकणारा गप्प बसतो. पण अडथळा किती हे ठरायला वाहकतेबरोबर जाडीही लागते. फवाऱ्याने मारलेला एक हलका हात साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. एवढ्याशा थरातून उष्णतेला जाताना जो अडथळा होतो त्याची तुलना कशाशी करायची? पुढच्या टप्प्याशी. पत्र्यावरून उडी मारून हवेत शिरणं हे उष्णतेला या सगळ्या प्रवासात सर्वांत जड जातं, कारण हवा स्वतःच अत्यंत आळशी वाहक आहे. हिशेब केला तर पातळ रंगाचा अडथळा हवेच्या अडथळ्याच्या एक टक्क्याच्या आसपास निघतो. म्हणजे काळेपंथीयांचा फायदा फार तर एक टक्का आणि कोरेपंथीयांचा तोटा एक टक्का. ज्या एका टक्क्यासाठी दोन पिढ्या भांडल्या तो दोन्ही बाजूंनी वजा होऊन जातो. आपल्याकडची बरीच भांडणं याच प्रमाणात असतात, पण तो विषय रेडिएटरचा नाही.

कोरेपंथीयांनी मात्र दुसरा मुद्दा काढला असता तर त्यांना हार घालावा लागला असता. तो मुद्दा फटीचा आहे. पत्र्यांमधली फट दीड मिलिमीटरची असेल, आणि आमच्या उत्साही पेंटरने दोन्ही बाजूंना ०.१ मिलिमीटर रंग चढवला, तर फट उरते १.३ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ. पण अशा अरुंद वाटेने तेवढीच हवा ढकलायची तर लागणारा जोर फटीच्या तिसऱ्या घाताच्या हिशेबाने वाढतो, आणि तो इथे जवळजवळ दीडपट होतो. चौथ्या घाताच्या जिवावर रंग लावणाऱ्याला तिसरा घात असा मागून गाठतो. शिवाय फिन्सच्या पत्र्यांवर तिरप्या, बारीक चिरा पाडलेल्या असतात. पत्र्याला बिलगून सरकणारा हवेचा सुस्त थर या चिरांवर पुनःपुन्हा मोडतो आणि ताजी हवा धातूला भिडते. रेडिएटर बनवणाऱ्यांची निम्मी हुशारी या चिरांत आहे. ब्रशने ऑइलपेंट लावला की पहिल्यांदा बुजतात त्या याच. ओघळ खाली उतरतात, दोन पत्र्यांच्या मध्ये पडदा धरतात, आणि वाळल्यावर तिथे एक छानशी, तकतकीत, कायमची भिंत तयार होते. अशा रेडिएटरची गाडी तापते तेव्हा कोरेपंथी विजयी मुद्रेने म्हणतात, ‘सांगितलं होतं, रंग लावू नका!’ रंगाच्या जागी मेण, डिंक किंवा गुळाचा पाक असता तरी हेच झालं असतं. कोरेपंथीयांच्या दृष्टीने आणखी एक अडचण अशी की रेडिएटरमध्ये ते आवर्जून कूलंट घालतात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा लिटरमागे साधारण दहा टक्के कमी उष्णता वाहून नेतं. ते घालतात ते गंज थांबवायला आणि उकळणं लांबवायला, आणि शहाणपणाने घालतात. पण जो माणूस आतल्या बाजूने दहा टक्के सोडायला राजी आहे त्याने बाहेरच्या एका टक्क्यावरून शेजाऱ्याशी अबोला धरावा, हे काही पटत नाही.

‘मग कंपनीवालेच काळा रंग का देत होते? ते वेडे होते का?’ हा आक्षेप दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठ सभासदांकडून येतो आणि तो वजनदार आहे. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि शिशा-कथलाच्या डागाने जोडलेले असत. तयार झालेला रेडिएटर म्हणजे लालसर तांबं, पिवळं पितळ आणि करड्या डागांचे ओघळ असा तिरंगी ऐवज. ग्रिलच्या मागून तो डोकावला तर नवीकोरी गाडी कुठूनतरी दुरुस्त होऊन आल्यासारखी दिसायची. त्यावर काळा रंग मारला की सगळं एकसारखं दिसतं आणि दमट हवेपासून थोडं रक्षणही होतं. कारखान्यात तो रंग पातळ, मोजून मारत, म्हणून कूलिंगला बाधा येत नसे. कूलिंग वाढतं म्हणून तो मारत नसत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतळांवरून निवृत्त झालेली प्रीमियर पद्मिनी बाहेरून काळी-पिवळी होती ती परवान्याच्या नियमाने, उष्णतेच्या नियमाने नव्हे. आतल्या रेडिएटरचंही तसंच समजावं. पुढे ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आले. आजच्या बहुतेक गाड्यांत ते कोरेच असतात. काळ्या रंगात खरोखर जादू असती तर एक-एक ग्रॅम आणि एक-एक रुपया वाचवणाऱ्या कंपन्यांनी चार रुपयांच्या रंगासाठी ती सोडली नसती.

आता सर्वांत अवघड आक्षेप, कारण तो अनुभवाचा आहे. ‘तुमचे आकडे राहू द्या. मी स्वतः रंग लावला आणि काटा खाली आला.’ अनुभवाशी वाद घालू नये म्हणतात, पण साक्षीदाराची उलटतपासणी करायला हरकत नसावी. साक्षीदार आहे डॅशबोर्डवरचा काटा. रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप बसलेली असते. पाणी साधारण ८०-९० अंशांना पोचलं की ती उघडू लागते आणि पाणी गार व्हायला लागलं की मिटू लागते. म्हणजे रेडिएटर थोडा सुधारला तर झडप थोडी कमी उघडते, थोडा बिघडला तर थोडी जास्त. पाण्याचं तापमान होतं तिथेच राहतं. मधल्या मध्ये तडजोड करून वर काहीच कळू न देणारा हा प्राणी प्रत्येक एकत्र कुटुंबात एक तरी असतो. पुष्कळ नव्या गाड्यांत तर काटाही मुद्दाम शांत ठेवलेला असतो: पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, तो मधोमध ध्यानस्थ. काही गाड्यांत काटाच नाही, नुसता दिवा. अशा साक्षीदाराने एक टक्क्याचा फरक दाखवला असं कुणी सांगितलं तर साक्षीदार फितूर आहे किंवा सांगणारा आशावादी आहे. ‘काटा हलला नाही, म्हणजे रंगाने काहीच होत नाही’ ही उलटी साक्षही तेवढीच कुचकामी आहे. ती माझ्या बाजूची असली तरी घेता येणार नाही. आणि काटा खरोखरच खाली आला असेल, तर रंग लावायच्या दिवशी आणखी काय काय झालं ते विचारावं. रेडिएटर गाडीतून बाहेर काढला गेला. वर्षानुवर्षांची धूळ, पाचोळा, किडे धुतले गेले. आतून फ्लशिंग झालं. नवं कूलंट पडलं, गळका होज बदलला, ढिला झालेला पट्टा ताणला, वाकलेल्या फिन्स कुणीतरी विंचरल्या. शेवटी दहा मिनिटं रंगाचा फवारा मारला, आणि फोटो निघाला तो रंगाचा. मांडव घालणाऱ्यांपासून पंगत वाढणाऱ्यांपर्यंत सगळे राबतात आणि आहेर नवरदेवाला मिळतो, त्यातलाच प्रकार.

‘जुन्या फ्रिजच्या मागची जाळी काळी का? बुलेटचं इंजिन काळं का?’ हे प्रश्नही रास्त आहेत आणि इथे मला अर्धं पाऊल मागे घ्यावं लागेल. जिथे पंखा नाही, हवा आपल्या मर्जीने संथ वर चढते आहे, तिथे हवेचा वाटा घटतो आणि किरणांचा वाटा दखल घेण्याजोगा होतो. फ्रिजमागची उघडी जाळी किंवा सिग्नलला उभी असलेली मोटारसायकल या वर्गात मोडते. थंड देशांतल्या घरांत भिंतीलगत असलेले बिडाचे रेडिएटरही याच वर्गातले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नीट माहीत आहे: साधा रंग, कुठलाही, त्यांना चालतो, पण चंदेरी किंवा सोनेरी धातूची भुकटी असलेला रंग लावला की खोली कमी तापते, कारण लेस्लीच्या पेटीची ती चकचकीत बाजू. म्हणजे रंग महत्त्वाचा ठरतो तिथेसुद्धा काळा जिंकत नाही, फक्त चंदेरी हरतो. आपल्याकडे लोखंडाची दिसेल ती वस्तू, जिन्याच्या कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, सिल्व्हर पेंटने माखण्याची जुनी हौस आहे. ती हौस मोटारीच्या रेडिएटरवर भागवली तरी फार बिघडणार नाही, कारण तिथे वारा मालक आहे. मोटारसायकलच्या सिलिंडरवर मात्र भागवू नये.

खरं सांगायचं तर मला रंगाच्या भांडणापेक्षा भांडणारा माणूस जास्त आवडतो. त्याला २५ मायक्रॉनची काळजी असते. तोच माणूस दसऱ्याला गाडी धुतो, पूजा करतो आणि ग्रिलवर झेंडूचा घसघशीत हार आडवा बांधतो. हार बोटभर जाड, खाली आंब्याची पानं. दसरा जातो, दिवाळी येते, फुलं सुकून तपकिरी होतात, पण हार काढणं अशुभ की न काढणं अशुभ याचा निर्णय घरात होत नाही, म्हणून तो तिथेच. त्याखाली लिंबू-मिरची. बाजूला दोन जादा हॅलोजन, त्यांच्यासाठी लोखंडी पट्टी. उंदीर शिरू नयेत म्हणून ग्रिलमागे बारीक जाळी, आणि त्या जाळीत गेल्या पावसाळ्यापासूनचे पतंग. सेकंदाला ६०० लिटर हवेला एवढ्या दर्शनमंडपातून वाट काढत आत जावं लागतं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या अंधाऱ्या फटीत तर धुळीची जी गादी साचते ती दोन्ही बाजूंनी दिसत नाही. रेडिएटर खाली उतरवल्याशिवाय तिचा पत्ताच लागत नाही. ती काढायला म्हणून सर्व्हिसिंग सेंटरवरचा पोऱ्या हातभर अंतरावरून प्रेशरचा फवारा मारतो आणि कागदासारख्या पातळ फिन्स एका झटक्यात भुईसपाट करतो. त्या ठिकाणी हवेचा रस्ता कायमचा बंद. आतल्या बाजूची कथा वेगळीच. वाटेत पाणी कमी झालं म्हणून ढाब्यावरच्या बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार नळ्यांच्या आत बसतात. अर्धा मिलिमीटर क्षार म्हणजे त्याच क्षेत्रफळावर पातळ रंगाच्या दुप्पट ते चौपट अडथळा. आणि नळ्यांच्या आतली जागा बाहेरच्या पत्र्यांपेक्षा कितीतरी कमी असल्याने सगळ्या उष्णतेला त्या चिंचोळ्या नाक्यातूनच जावं लागतं, म्हणून प्रत्यक्ष तोटा आणखी मोठा. गाडी मग तापू लागते. मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतो, कारण घरात भांडण झालं की मध्यस्थालाच हाकलायची आपली पद्धत आहे. आणि मालक विचारतो, ‘काळा रंग मारून पाहू का?’

एका ठिकाणी मात्र मी विनातक्रार लेप लावणाऱ्यांच्या बाजूने आहे, आणि ते ठिकाण म्हणजे समुद्रकिनारा. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, खारं वारं ॲल्युमिनियमच्या बारीक पत्र्यांना खाऊन टाकतं. पत्रा नळीपासून सुटला की तो कितीही कोरा, कितीही चकचकीत असो, त्याच्यापर्यंत उष्णता पोचतच नाही. बोटाने घासलं तर पांढरी भुकटी हातात येते. घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये निळसर किंवा सोनेरी जाळी दिसते, ती याच कारणाने लेप दिलेली असते. असा पातळ लेप पहिल्या दिवशी थोडंसं काही घेतो आणि पुढे कित्येक वर्षं फिन्स जागेवर ठेवतो. किनाऱ्यावर तुलना रंगवलेल्या रेडिएटरची कोऱ्या रेडिएटरशी नसतेच. रेडिएटर असण्याची आणि नसण्याची असते. तेव्हा ज्यांना रंग द्यायचाच आहे त्यांनी खुशाल द्यावा: आधी जाळी धुवावी, तेलकटपणा काढावा, पूर्ण वाळू द्यावी, मग फवाऱ्याने लांबून एक उडता हात, फटी उजेडाकडे धरून मोकळ्या आहेत का पाहाव्यात, आणि ब्रश घराच्या दाराखिडक्यांसाठी राखून ठेवावा.

राहता राहिला प्रश्न कुठला रंग. आजवर काळा निवडला गेला तो ग्रिलमागे दिसू नये म्हणून, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. न दिसणाऱ्या रेडिएटरकडे वर्षभर कुणी पाहत नाही. माझी सूचना पांढऱ्याची आहे. उष्णता टाकण्यात तो काळ्याच्या मागे नाही, हे लेस्लीने सव्वादोनशे वर्षांपूर्वी दाखवलं आहे. वर त्याचा एक गुण काळ्यात नाही: पांढऱ्या जाळीवर लाल माती बसली, किडे चिकटले, हाराच्या पाकळ्या अडकल्या, तर रस्त्याच्या पलीकडून दिसतं. सोसायटीतले लोक विचारतील, ‘अहो, तुमच्या गाडीचे दात किडलेत का?’ मालक लाजेल, रविवारी पाइप घेऊन खाली येईल आणि हलक्या हाताने धुऊन टाकेल. रंगाने गाडी गार राहण्याचा एवढा एकच मार्ग मला तरी सापडला आहे.